अक्कांच्या पाणीघरातले खेकडे

धुळ्याच्या आमच्या घरात पाण्याला जेवढा मान होता तेवढा पाहुण्यांनाही नव्हता. स्वयंपाकघराला लागून एक लहानशी अंधारी खोली होती, तिला आम्ही पाणीघर म्हणायचो. तिथे ओल्या वाळूवर माठ, पितळी घागरी आणि तांब्याचे हंडे ओळीने मांडलेले असत, आणि त्या सगळ्यांवर अक्कांचं राज्य चाले. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. तरुणपणीच विधवा होऊन त्या माहेरी परतल्या आणि हळूहळू त्यांनी आमचं जैन घर त्यांच्या व्रतनियमांनी असं बांधून टाकलं की भाऊ, म्हणजे माझे वडील, पेढीवर कितीही मोठ्या आवाजात बोलत असले तरी उंबऱ्याच्या आत आले की खालच्या पट्टीत येत. रोज सकाळी विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून गाळलं जाई. त्या कापडाला आम्ही गरणं म्हणत असू. गरण्यात डोळ्यांना न दिसणारे जे जीव अडकले असतील, ते ज्या विहिरीचे त्याच विहिरीत, पोहरा अलगद खाली सोडून परत पोचवले जात. दुसऱ्या पाण्यात त्यांना टाकणं म्हणजे पाप. लहानपणी मला वाटायचं, गरण्यात खरोखरच कुणी चिमुकली माणसं बसलेली असतात आणि अक्का त्यांना त्यांच्या गावी सोडून येतात. आता या वयात तो विचार तेवढा खुळा वाटत नाही.

अशा घरात मी मुंबईहून समुद्र घेऊन आलो. कॉलेजातलं माझं पहिलं वर्ष नुकतंच संपलं होतं आणि पुढे प्राणिशास्त्र घ्यायचं मी मनाशी पक्कं केलं होतं. घरी हे सांगायचं कसं, हा प्रश्न होता. त्या वर्गात बेडूक कापतात ही बातमी भाऊंच्या कानावर माझ्याआधीच गेलेली होती, कारण मुंबईची बित्तंबातमी धुळ्याच्या बाजारात कापसाच्या भावासोबतच येत असे. म्हणून मी एक युक्ती योजली. जिवांचा अभ्यास म्हणजे नुसती कापाकापी नव्हे, त्यांना सांभाळून त्यांच्याकडे बघत बसणं हाही अभ्यासच, हे मी घरच्यांना डोळ्यांनी दाखवणार होतो. चोरबाजारात मला जुन्या बॅटरीचं एक भलं मोठं चौकोनी काचेचं भांडं मिळालं. गिरगावच्या किनाऱ्यावरच्या खडकांतून मी तीन शंखवाले खेकडे आणि चार-पाच समुद्री गोगलगाई जमवल्या आणि दोन चिनी मातीच्या बरण्यांत समुद्राचं पाणी भरलं. चाळीसगावला गाडी बदलताना एका हमालाने बरणी हलवून पाहिली, लोणचं कसलं म्हणून विचारलं, आणि मी खेकड्यांचं असं सांगितल्यावर तो बरणी खाली ठेवून सरळ निघून गेला. पुढचं सगळं ओझं मी स्वतःच वाहिलं.

घरी पोचलो तेव्हा गच्चीवर पापड वाळत होते आणि बाई, म्हणजे माझी आई, कपाळावर पदर ओढून त्यांच्यावरून कावळे हाकत होती. मी ओसरीवर काचेचं भांडं मांडलं, तळाशी वाळू आणि दगड घातले, पाणी ओतलं आणि एकेक जीव आत सोडला. सगळं घर गोळा झालं. आमचा गाडीवान दगडू सरकीची पोती उतरवायची सोडून आत डोकावला.

"हाई काय शे? आमना नालामा बठ्ठा खेकडा उघडाच फिरतस. ह्याले घर काब्र लागस?"

याला घर कशाला लागतं, तर मी सांगितलं की याचं पुढचं अंग कठीण आणि मागचं अगदी मऊ असतं, म्हणून हा दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहतो आणि तो पाठीवर घेऊन फिरतो. इंग्रज लोक याला बैरागी म्हणतात, असंही भर घालून सांगितलं. हे ऐकून अक्का जराशा पुढे सरकल्या. घर नाही, दार नाही, कुणीतरी सोडून दिलेल्या जागेत राहायचं, हे त्यांना आवडलं असावं. गोगलगाई तर त्यांना पाहताक्षणीच पटल्या. "बघ कशी चालते," त्या माझ्या धाकट्या बहिणीला, चंपाला म्हणाल्या. "पुढचं नीट पाहिल्याशिवाय पाऊल टाकत नाही. तू जिना उतरतेस तशी नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी तो प्रश्न विचारला ज्याचं उत्तर माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. "पन्ना, हे पाणी गाळलेलं आहे का?"

भाऊ संध्याकाळी पेढीवरून आले, भांड्यासमोर पाटावर बसले आणि त्यांनी आतले जीव बोटांवर मोजले. मी माझं म्हणणं मांडलं. बेडकांचा विषय मी टाळला, त्यांनीही काढला नाही. शेवटी ते म्हणाले, "सुट्टी संपेपर्यंत यातला एकही जीव गेला नाही, तर जा, शीक तुला हवं ते. एक जरी गेला, तर जूनपासून माझ्याशेजारी गादीवर बसायचं. ज्याला जीव सांभाळता येत नाही त्याने जिवांचं शास्त्र शिकू नये." एवढं बोलून ते हात धुवायला उठले. भाऊंचा शब्द बाजारात कागदावर लिहून घ्यायची पद्धत नव्हती, इतका तो पक्का असे. मला गादीचा राग नव्हता. पण त्या गादीवर बसून आयुष्यभर शेंगदाण्याची पोती मोजायची माझी तयारी नव्हती.

खानदेशचा उन्हाळा ज्याने पाहिला असेल त्याला मी कसली जोखीम घेतली होती ते सांगायला नको. दुपारी गल्लीत चिटपाखरू दिसत नसे आणि ओसरीवरच्या फरशीवर अनवाणी उभं राहता येत नसे. भांडं ठेवण्यासारखी गार जागा घरात एकच होती आणि तिथे जाण्यासाठी अक्कांची परवानगी लागे. त्यांनी परवानगी दिली, पण आपल्या अटींवर. पाणीघरात न गाळलेलं पाणी राहणार नाही. म्हणून रोज सकाळी विहिरीचं पाणी झालं की समुद्राची पाळी येई. जीव तेवढे हलक्या हाताने बरणीत काढायचे, मग सगळं पाणी हंडाभर उंचीवरून गरण्यातून दुसऱ्या बरणीत ओतायचं आणि पुन्हा भांड्यात. गरण्यात जे राहील ते त्याच पाण्यात परत, कारण त्याचं गाव तेच. दुसरी अट जेवणाची. दिवस मावळल्यावर आमच्याकडे कुणी घास तोंडात घालत नसे, मग खेकड्यांनीच काय म्हणून घालावा. त्यांना शेंगदाण्याचा कूट आणि शिजवलेल्या तांदळाची शितं दिवसाउजेडी मिळत, आणि कंदील लागायच्या आत अक्का उरलंसुरलं कणन्‌कण काढून घेत. मी कपाळावर हात मारून घेत असे. हे प्राणी अंधारातच खातात, हे मी त्यांना परोपरीने सांगितलं. "सवय लागेल," अक्का म्हणाल्या. आणि खरंच लागली.

पुढे कितीतरी वर्षांनी, स्वतः प्रयोगशाळा सांभाळू लागल्यावर माझ्या ध्यानात आलं की ते जीव जगले ते याच दोन अटींवर. उंचावरून पडताना पाण्यात हवा मिसळत होती आणि अन्न कुजायला रात्रभर राहत नव्हतं. मी माझ्या शहाणपणाने जे केलं असतं त्याने ते आठवड्यात मेले असते. हे मी अक्कांना सांगायला गेलो तेव्हा त्यांनी विशेष लक्ष दिलं नाही. त्यांनी ते हवेसाठी केलंच नव्हतं, मग हवेचं श्रेय घेऊन त्या काय करणार.

एकूण दिवस मजेत चालले होते. कळण्याची भाकरी आणि कढी जेवून मी पाणीघरातच आडवा होत असे. वाळूचा ओला वास, माठाचं थेंब थेंब ठिबकणं, बाहेर लांबवर एखाद्या तेलघाण्याची कुरकुर, आणि नाकासमोर काचेवर शेवाळ चरत वर जाणारी गोगलगाय. चंपा बोट बुडवून समुद्र चाखून आली आणि तिने शेजारपाजारच्या मुलींना त्याची चव सांगितली, त्यामुळे दुपारी दाराशी तिच्या मैत्रिणींची रांग लागे. भांड्यावर मी गेरूची एक रेघ ओढली होती. उन्हाने पाणी रेघेखाली गेलं की गाळलेलं गोडं पाणी घालून ते रेघेपर्यंत आणायचं, हे काम बाईने आपल्याकडे घेतलं. भाऊ येता-जाता डोकावून आतले जीव मोजून जात.

आणि मग एके दिवशी थोरला खेकडा बिघडला. तीन खेकड्यांतला तो सर्वांत मोठा. आमच्या कुटाने तो चांगलाच पोसला असावा, कारण त्याचं अंग आता शंखात मावत नव्हतं. तो दगडावरून उतरे, सर्वांत मोठ्या गोगलगायीला गाठे, तिच्या शंखावर नांगी फिरवून लांबी-रुंदी बघे आणि मग तोंडाशी नांगी घालून तिला बाहेर ओढू पाही. ती दार लावून घट्ट बसे. थोड्या वेळाने कंटाळून तो जाई आणि पुन्हा येई. मी पुस्तक काढलं. त्यात एका ओळीत स्वच्छ लिहिलेलं होतं की रिकामा शंख न मिळाल्यास हा प्राणी जिवंत गोगलगायीचा शंख बळकावतो.

अक्कांना हे कळल्यावर त्या खेकड्याकडे अशा पाहत राहिल्या, जणू घरातल्याच कुणीतरी दगा दिला होता. "आणि याला बैरागी म्हणतात," एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या जपमाळ घेऊन भांड्यापाशीच बसू लागल्या. हातात माळ, मांडीशी लाकडी पळी. खेकडा गोगलगायीजवळ आला की जप न थांबवता पळीने त्याला दूर सारायचं. मी त्याला वेगळं ठेवून पाहिलं, पण घरात दुसरं काचेचं भांडं नव्हतं, तांब्या-पितळेत खारं पाणी चालत नाही आणि चिनी मातीच्या बरणीत ठेवला तर तो सकाळी अर्धा शंखाबाहेर लोंबत, मलूल होऊन पडला. तो गेला तरी अट मोडणार आणि गोगलगाय गेली तरी अट मोडणार. मी त्याला परत आणून सोडला आणि अक्कांनी पळी उचलली.

उपाय एकच होता, रिकामा शंख. पण समुद्रापासून इतक्या दूर तो आणायचा कुठून. चंपाने सारीपाटाच्या कवड्या आणल्या. कवडीच्या फटीत खेकड्याची मिशीसुद्धा शिरेना. दगडूने बैलाच्या गळ्यातली माळ सोडून आणली, त्यातही कवड्याच. अखेर बाई पापड लाटता लाटता म्हणाली, "आम्ही लहानपणी भातुकलीत शंखांच्या घागरी करायचो. पांझरेच्या वाळूत ढिगाने पडलेले असायचे." बाईचं माहेर नदीपलीकडे, देवपुरात. एवढे दिवस ती हे बोलली का नाही, तर तिला कुणी विचारलंच नव्हतं, सगळे समुद्र समुद्र करत होतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाई, चंपा आणि मी पांझरेवर गेलो. उन्हाने नदीची पार रया गेली होती, मधोमध एक ओहोळ तेवढा उरला होता. पण काठच्या भेगाळलेल्या गाळात नदीच्या गोगलगायींचे गोल गरगरीत शंख खरोखरच पडलेले होते. बाईने पदर खोचला आणि ती अशी काही वेचायला लागली की चंपा मागे पडली. आईला धावताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ओंजळी ओंजळीने गोळा करून आम्ही टोपली भरली आणि विजयी मुद्रेने घरी आलो. मी एक शंख उचलून भांड्यात टाकणार, इतक्यात अक्कांनी माझं मनगट धरलं. "आत कुणी नाही कशावरून?" मी म्हणालो, वाळून खडंग झालेले आहेत, यांत कोण असणार. त्यांनी ऐकलं नाही. अंघोळीच्या मोठ्या घंगाळात विहिरीचं गाळलेलं पाणी भरून त्यांनी टोपली त्यात रिकामी केली आणि उद्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही असं बजावलं.

सकाळी भाऊंच्या हाकेने घर जागं झालं. ते अंघोळीला गेले होते आणि पंचा नेसून मोरीच्या दारात उभे होते. आत घंगाळाच्या काठावर, भिंतीवर, खुंटीवरच्या त्यांच्या धोतरावर, पाटावर, जिकडे बघावं तिकडे गोगलगायी चालल्या होत्या. निम्म्याअधिक शंखांत माणूस होतं. उन्हाळा सोसेना म्हणून आतून दारं लावून झोपलेली ती सगळी मंडळी पाणी मिळताच उठून घर बघायला निघाली होती. भाऊ मला म्हणाले, "पन्ना, मी जीव मोजायचं कबूल केलं होतं, पण एवढे नाही." आणि ते हसायला लागले. भाऊंना एवढं हसताना मी फारसं पाहिलेलं नाही. मग सगळ्यांनी मिळून भिंती धुंडाळल्या, एकूणएक गोगलगाय टोपलीत भरली आणि अक्का स्वतः आमच्याबरोबर येऊन, जिथला गाळ तिथेच, त्यांना पोचवून आल्या. मी त्यांना मिठाच्या पाण्यात टाकलं असतं तर काय झालं असतं, हा विषय परतीच्या वाटेवर कुणी काढला नाही. सगळ्यांना तो कळला होता.

उरलेले शंख मात्र खरोखरचे रिकामे होते. ते धुऊन, उकळून, निववून आम्ही भांड्याच्या तळाशी मांडले. थोरल्या खेकड्याने दिवसभर त्यांची पारख केली. एक उलटा करून पाहिला, एकात नांगी घालून आतली वाळू काढली, एक नुसता हुंगून सोडला. भाऊ म्हणाले, कपाशीचं वाण बघायला येणारे व्यापारीही एवढी घासाघीस करत नाहीत. दिवस कलला तरी त्याचं ठरेना. सगळे पाणीघरात दाटीवाटीने बसलो होतो, दगडूही दारात उभा होता. आणि अचानक, जेवणाची हाक देण्यासाठी बाई उठते न उठते तोच, तो सर्रकन जुन्या शंखातून बाहेर आला. त्याचं मागचं अंग लालसर, वाकडं आणि इतकं मऊ होतं की बघवेना. अक्कांनी पदर तोंडावर घेतला. "उघडा आहे तो," त्या म्हणाल्या. पुढच्या क्षणी तो पांझरेच्या शंखात शिरून, जरा अंग हलवून, बसलासुद्धा. आम्ही श्वास सोडतो तोच मधल्या खेकड्याने थोरल्याचा सोडलेला शंख गाठला आणि त्यात मुक्काम हलवला, आणि धाकटा मधल्याच्या शंखात गेला. भाऊ मांडीवर थाप मारून म्हणाले, "एक घर मिळालं आणि तिघांची सोय लागली. असा सौदा मला जन्मात जमला नाही." गोगलगाय काचेवर आपली चरत होती.

सुट्टी संपली तेव्हा भांड्यातले सगळे जीव जागेवर होते. भाऊंनी ते शेवटचे मोजले आणि म्हणाले, मीही येतो मुंबईला. जिथलं पाणी तिथे पोचलं की नाही ते भाऊंनी आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अक्का त्यांना घरात घेणार नव्हत्या. भाऊंचा माल वर्षानुवर्षं मुंबईला जात होता, पण ते स्वतः समुद्रावर कधी गेले नव्हते. गिरगावच्या किनाऱ्यावर त्यांनी जोडे काढले, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि लाटेत उभे राहिले. एकेक जीव त्यांनीच हाताने खडकाच्या आडोशाला सोडला. पांझरेचा शंख पाठीवर घेऊन थोरला पाण्यात दिसेनासा झाला तरी ते वाकून बघतच होते. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुझं बोलणं खरं ठरलं. आता जा. पण तिथे बेडूक कापावाच लागतो ना?"

मी हो म्हणालो. त्याखेरीज पास होता येत नाही, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

"मी शब्द दिलाय, तो फिरवणार नाही," भाऊ म्हणाले. "मी कधी विचारणार नाही. तूही सांगू नकोस." आम्ही ओल्या पायांनी ट्रामपर्यंत चालत गेलो. वाटेत त्यांनी खाणावळीत कांदा-लसूण घालतात का, एवढंच विचारलं.

त्यांनी खरोखरच कधी विचारलं नाही. मी सुट्टीला घरी येत असे, सगळं पूर्वीसारखंच असे, दिवस मावळायच्या आत आम्ही शेजारी शेजारी बसून जेवत असू, आणि भाऊ खाणावळीपासून खोलीतल्या ढेकणांपर्यंत सगळ्याची चौकशी करत, अभ्यास सोडून. मला वाटलं, ते विसरले. मलाही त्यात सोयच होती.

तिसऱ्या वर्षी एकदा मुंबईत कसल्याशा गडबडीने कॉलेज चार दिवस बंद झालं आणि मी न कळवताच धुळ्याला आलो. संध्याकाळची पानं मांडली जात होती. माझं ताट आलं, भाऊंचं आलं नाही. ते बाजूला बसून मला वारा घालत होते. बरं नाही का, विचारलं, तर म्हणाले, झालं माझं. हात धुताना चंपा माझ्या हातावर पाणी घालत हळूच म्हणाली, "दादा, तुला माहीत नाही? तू तिकडे कॉलेजात असलास की भाऊंचं एकासन असतं. सकाळी एकदाच जेवतात, मग दिवसभर काही नाही. सुट्टीत तू घरी आलास की सोडतात. आजचं तू यायच्या आधी सकाळीच घेतलेलं होतं." मी विचारलं, केव्हापासून. ती म्हणाली, "समुद्र बघून आले तेव्हापासून." माझ्या हातून होणाऱ्या पापाचा निम्मा भार ते तीन वर्षं रोज संध्याकाळी उपाशी राहून उचलत होते, आणि मी मुंबईत दोन्ही वेळा पोटभर जेवत होतो. मला त्या रात्री झोप लागली नाही. त्यांच्याशी बोलायला जावं, तर न बोलण्याचं आमचं ठरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर बाईने माझं पान मांडलं. भाऊ पेढीवरून आले, पाय धुतले आणि माझ्याशेजारी पाटावर येऊन बसले.

"आज तुझं कॉलेज बंद आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"मग मलाही वाढा," ते बाईला म्हणाले.